केसांची इस्त्री कोणत्या वयात?

पूर्वी केस सरळ करून घ्यायचे म्हणजे पार्लरची पायरी चढावी लागे. आता स्ट्रेटनर आणि कर्लर साध्या दुकानातही मिळतात, आणि शाळकरी मुली ते घरी मागू लागल्या आहेत. "मुलीला कितव्या वर्षी द्यावा?" असे वस्तीतल्या माताभगिनी आम्हांला विचारतात. आमच्या घरीही हा प्रश्न गेल्या वर्षी येऊन गेला, म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

आमची थोरली तेव्हा १२ वर्षांची होती. शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. मावशीचा स्ट्रेटनर वापरू का, असे तिने विचारले. आजी म्हणाली, "लहान आहेस अजून. भाजून घेशील." पोर गप्प बसली नाही. म्हणाली, "आजी, तुझा चहा गॅसवर मी ठेवते. पप्पांच्या शर्टाला इस्त्री मी करते. तेव्हा मी मोठी असते, मग माझ्या केसांच्या वेळी लहान कशी?"

यावर घरात कोणाला उत्तर सुचले नाही. आम्ही कारकुनी करणारी माणसे. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय आमचा हिशेब लागत नाही.

मुलीचे म्हणणे रास्त होते, पण धोकाही खरा होता. उकळते पाणी १०० अंश सेल्सिअसचे असते. बहुतेक स्ट्रेटनरच्या पट्ट्या १५० अंशांच्या वर जातात, काही तर २३० अंशांपर्यंत तापतात. ६० अंशांच्या पाण्यानेसुद्धा मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत चांगलीच भाजते. लहान मुलाची कातडी पातळ, ती त्याहून लवकर भाजते. शिवाय या यंत्राला ना ज्योत, ना वाफ. बटण बंद केल्यावरही पट्ट्या बराच वेळ तापलेल्या राहतात आणि पाहणाऱ्याला ते कळत नाही.

आमची खोली १० बाय १२ ची. माणसे सात. त्यांत दीड वर्षाचा पुतण्या, लोंबती वायर दिसली की ओढणारा. तेव्हा ध्यानात आले, की वय एकट्या मुलीचे मोजून चालणार नाही. खोलीतल्या सर्वांत लहान लेकराचेही मोजले पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटली. मुलगा अभ्यासाला बसला तर आपण त्याला उठवत नाही. मुलगी मात्र कसल्याही कामात असो, आपण हाक मारतोच. "पाणी आण", "दार बघ", "बाळाला घे." तीही बिचारी हातातले तसेच टाकून उठते. हातातली वस्तू तापलेली असेल तर? अशा वेळी अपघात झाला, तर तो तिच्या वयाने झाला म्हणायचे की आपल्या हाकेने?

मग घरात बसून ठरवले. आठवडाभर पिन न लावता, थंड यंत्राने सराव करायचा. नंतर आईने शेजारी बसायचे. केस पूर्ण कोरडे हवेत, कारण ओल्या केसातल्या पाण्याची आतच वाफ होते आणि केस तुटतो. हात कोरडे, मोरीपासून लांब. आच सर्वांत कमी. कान, मान आणि टाळू यांपासून यंत्र दोन बोटे दूर. गादीवर ठेवायचे नाही. काम झाले की पिन काढून ओट्याच्या कडप्प्यावर, मागच्या बाजूला ठेवायचे आणि गार झाल्यावरच उंच फळीवर. रोज नाही, कार्यप्रसंगी. तेवढा वेळ पुतण्याला कोणीतरी बाहेर घेऊन जायचे. आणि एक नियम मोठ्यांसाठी: तिच्या हातात यंत्र असताना तिला कोणीही हाक मारायची नाही. आजीनेही नाही.

एवढे करूनही चटका बसलाच, तर तो भाग लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. सूज येण्याआधी बांगडी, अंगठी काढावी. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कापड सैल झाकावे. फोड आला, चेहरा, हात किंवा सांधा भाजला, अथवा लेकरू लहान असेल, तर दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट मुलीशी बोलून घ्यावी. केस सरळ का करायचे आहेत? हौस असेल तर हरकत नाही. पण वर्गात कोणी कुरळ्या केसांवरून चिडवले म्हणून असेल, तर यंत्र बाजूला ठेवून आधी तिच्याजवळ बसावे. केस कुरळे असणे हा दोष नव्हे. केसाच्या मुळाचा आकारच तसा असतो. उष्णतेने आलेला सरळपणा तर पुढच्या न्हाणीला निघून जातो. लाज मनात बसली, तर ती अशी धुतल्याने जात नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, अमुक वर्ष पुरे झाले की द्यावे, असा आकडा आम्ही सांगणार नाही. आपल्या घरात मुलीला मोठी कधी म्हणतात आणि लहान कधी म्हणतात, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा मांडावा. कामाला मोठी असलेली मुलगी हौसेलाही मोठीच धरावी, आणि तिच्या हौसेच्या वेळी राखण करायला घरातल्या मोठ्यांनी उभे राहावे.