‘विदिन नॉर्मल लिमिट्स’ म्हणजे नेमकं काय?



रक्ताचा रिपोर्ट हातात आला की तुम्ही आधी काय करता? ठळक अक्षरात छापलेला आकडा शोधता. तसा एकही नसला की जीव भांड्यात पडतो आणि मला फोन येतो, “डॉक्टर, सगळं नॉर्मल आलंय. मग आता दाखवायला यायची गरज नाही ना?” सोनोग्राफीच्या किंवा एक्स-रेच्या कागदावर तर हे इंग्रजीत लिहिलेलंच असतं, ‘विदिन नॉर्मल लिमिट्स’. आम्ही डॉक्टर केसपेपरवर त्याची तीन अक्षरं करतो, डब्ल्यूएनएल. मेडिकलच्या पोरांमध्ये त्याचा एक टवाळ अर्थ प्रचलित आहे, ‘वी नेव्हर लुक्ड’, म्हणजे आम्ही बघितलंच नाही. एमडी करताना या विनोदावर मीही हसलो होतो.

सरळ अर्थ ‘सामान्य मर्यादेच्या आत’ एवढाच. पण ही मर्यादा ठरते कशी? निरोगी माणसांचा एक गट घेतात, निदान 120 जणांचा. त्यांची तपासणी करून आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडतात. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून देतात आणि मधल्या 95 टक्के लोकांचे आकडे जिथून जिथवर पसरतात, तो पट्टा नॉर्मल म्हणून छापतात. म्हणजे 100 धडधाकट माणसांपैकी साधारण 5 जणांचा आकडा काहीही आजार नसताना पट्ट्याबाहेर जाणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एकदम केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता 64 टक्के! सत्तर-ऐंशी तपासण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज करून घाबरून येणाऱ्या मंडळींना मी हे गणित समजावतो. बहुतेक जण हसत घरी जातात.

उलटी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती माझ्या हातून झाली आहे, म्हणून सांगतो.

माझ्याकडे एसटीतले एक कंडक्टर यायचे. वय 56, बीपीची एक गोळी, बाकी तब्येत ठणठणीत. एकदा म्हणाले, “साहेब, हल्ली स्टँडचा जिना चढताना थांबावं लागतं.” मी तपासलं, ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन आलं 13.4. पुरुषांसाठी छापलेली मर्यादा 13 ते 17. मी केसपेपरवर डब्ल्यूएनएल लिहिलं, वजन कमी करा म्हणालो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सहा महिन्यांनी ते आले तेव्हा चेहरा पांढुरका दिसत होता. हिमोग्लोबिन 10.9. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. या वयाच्या पुरुषात लोह असं कमी झालं, तर रक्त पोटातून झिरपत नाही ना हे बघावंच लागतं. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गाठ सापडली. कॅन्सर होता. तिथल्या गाठीतून रक्त थोडं थोडं जातं आणि शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही.

त्या रात्री त्यांची जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीचं हिमोग्लोबिन 15.6, वर्षापूर्वीचं 14.7 आणि मग माझं ते 13.4. तिन्ही ‘विदिन नॉर्मल लिमिट्स’. तिन्ही कागद माझ्याच फाइलमध्ये होते. मी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते, इतकंच.

ऑपरेशन झालं. दोन लसिकाग्रंथींमध्ये कॅन्सर पोहोचला होता, म्हणून केमोथेरपीही घ्यावी लागली. सहा महिने आधी त्या ग्रंथी स्वच्छ असत्या का? याचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. मी त्यांना घडलं ते सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमच्याकडे वेबिल रोजचं रोज जुळतं हो साहेब. पण धंदा घसरलाय का, ते महिन्याची वेबिलं समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.”

छापलेला पट्टा हा गर्दीचा असतो. त्या गर्दीत तुमची स्वतःची एक ठरलेली जागा असते आणि तिथून तुम्ही किती हललात, हे लॅबच्या कागदावर लिहिलेलं नसतं. म्हणून जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका, आणि जमेल तोवर एकाच लॅबमध्ये तपासणी करा. अर्ध्या ग्रॅमच्या फरकाने लगेच घाबरायचं नाही. तेवढं इकडेतिकडे होतंच. पण आकडा दर वेळी एकाच दिशेने सरकत असेल, तर तो पट्ट्याच्या आत असला तरी विचारा.

आणखी दोन ठिकाणी हा शब्द फसवतो. पहिलं क्रिएटिनिन. ते स्नायूंमधून तयार होतं. अंगावर मांस नसलेल्या 75 वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन 1.1 आलं, तर बऱ्याच लॅबच्या कागदावर ते मर्यादेतच असतं. पण वय आणि लिंग धरून सूत्राने हिशेब केला तर किडनीची गाळण्याची क्षमता 52च्या आसपास निघते. 60च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला, तर त्याला आम्ही किडनीचा आजार म्हणतो. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाणाऱ्या आज्यांच्या बाबतीत हा हिशेब मी न चुकता करतो.

दुसरं एलडीएल कोलेस्टेरॉल. 95 हा आकडा कागदावर ठीक दिसतो. पण ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे त्यांच्यासाठी तो जास्त आहे, त्यांचं एलडीएल निदान 70च्या खाली हवं. “नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली” असं कोणी म्हणालं की माझाच बीपी वाढतो. गोळी चालू होती म्हणून तर ते इतकं खाली आलं!

कंडक्टर आता रिटायर झालेत. तपासणीला येतात तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले असतात. नवा कागद ते माझ्या हातात सुटा देत नाहीत. आधी मागचे दोन टेबलावर मांडतात, मग त्यांच्या शेजारी तो ठेवतात आणि मी वाचून होईपर्यंत काही बोलत नाहीत.