खिरापत

भाद्रपदात छावणीतल्या संध्याकाळी दोन आवाज असतात. गल्लीच्या तोंडाशी मांडवात आरतीच्या झांजा आणि इकडे आमच्या घरात कौटुंबिक उपासनेची पेटी. मधूनच दोन्हींचा ठेका जुळतो, आणि गाणाऱ्यांपैकी कुणालाच ते खटकत नाही. खटकावं तरी का? आमची गीतं ज्यांनी मराठी केली ते नारायण वामन टिळक अभंगांवरच पोसलेले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना घराबाहेर काढलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. त्याही आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली होती. नाथांचं पैठण तर इथून पन्नासेक किलोमीटरवर. झांज आमच्या घरी पाहुणी म्हणून आलेली नाही.

आरती संपली की शेजारची पोरं द्रोणातून खिरापत घेऊन दारात उभी राहतात. आमची आजी ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि नाताळात त्याच घरी करंज्यांचं ताट धाडायची. व्यासपीठावरून मात्र दर भाद्रपदात इशारा येतो: सांभाळा, जग दारातून आत शिरतंय. इशारा अगदीच पोकळ नाही. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा पेच करिंथच्या मंडळीलाही पडला होता आणि पौलाने त्यावर बरीच शाई खर्च केली. पण त्या लिहिण्यात त्याला ताटाइतकीच काळजी आहे ती पंगतीतल्या दुबळ्या मनाच्या भावाची.

जग आत शिरतं ते खरंच. पण ते द्रोणातून येतं असं मला वाटत नाही.

ते स्थळ बघायला आलेल्या माणसांबरोबर येतं. चहा होतो, प्रार्थना होते, मुलीचं शिक्षण विचारून होतं आणि मग कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, “तुम्ही मूळचे कोण?” प्रश्न गावाचा नसतो, हे सगळ्यांना कळतं. तीन-चार पिढ्यांपूर्वी पाण्यात बुडवलेली जात तिथे कोरडी ठणठणीत वर येते. पुढे मानपान आणि देण्याघेण्याची बोलणी. यावर भाद्रपदात काय, बाराही महिन्यांत उपदेश झालेला मला आठवत नाही.

गंमत अशी की, सरकारी कागदावर आमची ही जात केव्हाच संपली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीत ख्रिस्ती माणसाला जागा नाही. शिखांना ती १९५६ मध्ये मिळाली, बौद्धांना १९९० मध्ये. सवलत मागायला गेलो की आम्हाला जात नाही आणि सोयरीक करायला गेलो की आहे. सवलतीसाठी आम्ही मोर्चे काढतो. काढायलाच हवेत. सोयरिकीबद्दल गप्प बसतो.

छावणीजवळच नागसेनवन आहे, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय आहे. तिथल्या आवारात वाढलेले माझे मित्र देव मानत नाहीत. पण जातीचा विषय निघाला की एकालाही गुळमुळीत बोलता येत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पाणी वाटायला आम्ही उभे राहतो, ते छानच. त्यांच्याकडून घ्यायचं मात्र राहून गेलंय. ख्रिस्ती माणसाने जगाला द्यावं, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. जगापुढे शिष्य म्हणून बसावं, हे सहसा कुणी सांगत नाही. २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना दोन्ही जमत होतं. बायबल त्यांनी सुबोध मराठीत आणलं आणि वसईची हिरवाई वाचवायला सर्व धर्मांच्या गावकऱ्यांबरोबर रस्त्यावरही उतरले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, तरी व्हीलचेअरवरून ते मराठीतच बोलले, सगळ्यांशी.

आमच्या तरुण संघाच्या पुढच्या सभेला पाळकसाहेबांनी विषय दिलाय ‘ख्रिस्ती तरुण आणि आजचं जग’. बोलायचं मला आहे. मोबाइल, सिनेमा, खिरापत यांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा दिसते. मी स्थळांपासून सुरुवात करणार आहे, आणि पहिला प्रश्न मागच्या बाकांवरच्या आईबापांना विचारणार आहे.