खोटी दरी, खरा घाम

उंचीची भीती असलेल्या माणसाला "अरे, कठडा आहे ना, पडतोयस कसला?" असं समजावण्यात काही अर्थ नसतो. कठडा आहे हे त्याला आपल्याइतकंच दिसत असतं. फक्त ते त्याच्या गुडघ्यांना पटलेलं नसतं!

यावरचा जुना उपाय म्हणजे एक्स्पोजर थेरपी. पहिल्या मजल्यावर उभं राहायचं, भीती ओसरू द्यायची, मग दुसरा मजला... अडचण एवढीच की पेशंट जिन्यापाशीच हातपाय गाळतो. मी स्वतः याच जातीतला. मित्र हरिहरच्या उभ्या पायऱ्या चढतात आणि मी खाली सॅक सांभाळतो.

१९९५ साली अटलांटात बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. विद्यार्थ्यांच्या डोक्यावर हेडसेट चढवला आणि आत पूल, बाल्कन्या, काचेची लिफ्ट. ग्राफिक्स आजच्या मानाने अगदीच बाळबोध. पण घाबरायला तेवढे पुरले.

मला खरी मेख इथेच वाटते. दरी खोटी आहे हे माहीत असूनही पाय लटपटतात, म्हणजे समजणारं मॉड्यूल वेगळं आणि घाबरणारं वेगळं. आपण आयुष्यभर पहिल्याला लेक्चर देतो, बग मात्र दुसऱ्यात! व्हीआर थेट दुसऱ्याशी बोलतं. जे खोट्या दरीला फसतं, तेच तिथे उभं राहून 'काहीच झालं नाही की' हेही शिकतं.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या टीमने तर थेरपिस्टही काढून टाकला. सूचना देणारी ॲनिमेटेड कोच, दहा मजली आभासी इमारत, आणि कामं कसली? तर झाडावर अडकलेलं मांजर सोडवा! १०० पैकी ४९ जणांना ही थेरपी मिळाली. सरासरी जेमतेम दोन तास, दोन आठवड्यांत विभागून. त्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. अर्थात, तुलना होती ती कुठलीच वेगळी थेरपी न मिळालेल्या लोकांशी. प्रत्यक्ष थेरपिस्टशी नव्हे.

पण हेडसेट उतरवल्यावर काय? माझ्यासारख्याचा प्रश्न हाच. १९९५ च्या प्रयोगात उपचार पूर्ण करणाऱ्या दहापैकी सात जण, कोणी सांगितलेलं नसताना, मध्येच खऱ्या उंचीवर जाऊन आले. कोणी काचेच्या लिफ्टने ७२ मजले चढलं. कोणी पार्किंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, मुद्दाम कडेलाच गाडी लावली.

मला ६८ टक्क्यांपेक्षा ती कडेला लावलेली गाडी जास्त पटते.