दौंडच्या फलाटावर

शिरूरला रेल्वे नाही. म्हणून गेल्या रविवारी दशम्या बांधून आम्ही घरची मंडळी दौंड जंक्शन पाहायला गेलो. इथून मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाला. आता विजेची इंजिने धावतात. चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली तयार झाले. त्यानंतरही काही वर्षे मामंजी कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते.

माझा थोरला आठवडाभर गप्पच होता. विहिरीचे पाणी तळाला गेले तरी त्याने मोटार चालू ठेवली नि ती जळाली. मामंजींनी त्याला बाकावर जवळ बसवले.

"बॉयलरमधलं पाणी उतरलं की भट्टीच्या माथ्यावरच्या बुचातलं शिसं वितळतं, वाफ आत शिरते नि आग विझते. माझ्या हातूनही एकदा तसं झालं, बाळा. गाडी रानात उभी राहिली. त्या दिवसापासून पाण्याच्या काचेवरून नजर हलवली नाही."

"आजोबा, आपल्या मोटारीला तशी काच नाही?"

काच नाही, पण पाणी तुटताच मोटार बंद करणारे यंत्र मिळते. कांदे विकले की आधी तेच आणायचे ठरले आहे.