खंडाळा : वारा, शेजार आणि खोड

खंडाळ्याचें वर्णन करूं लागलें म्हणजे लेखणी आपोआप दऱ्यांकडे, धबधब्यांकडे आणि पावसाळी धुक्याकडे वळते. त्या सौंदर्याविषयीं आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत नवी भर घालण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु ज्यांस एखाद्या दिवसाची सवड आहे, त्यांनीं तेथील देखाव्याकडे थोडी पाठ फिरवून झाडांच्या खोडांकडे पाहावें, एवढीच वाचकांस आमची सूचना आहे. दरीइतकेंच तें दृश्य बोधप्रद आहे. आणि ज्यांच्या घरीं थोडीबहुत जमीन आहे व तींत साग लावावा असें ज्यांच्या मनांत येतें, त्यांच्या दृष्टीनें तर तें व्यवहाराचेंहि आहे.

खंडाळा सह्याद्रीच्या अगदीं कांठावर, समुद्रसपाटीपासून सुमारें अठराशें फुटांवर वसलें आहे. कोंकणांतून चढून येणारा नैर्ऋत्येचा वारा पहिल्यानें येथील कड्यावर आदळतो. राजमाची पॉइंटच्या बाजूस कड्याच्या कडेला एकटें उभें असलेलें एखादें झाड पाहावें. तें उंचीनें बेताचें, बुंध्याशीं चांगलें जाड, आणि थोडें वर जातां न जातां झपाट्यानें निमुळतें झालेलें असें असतें. फांद्या जमिनीच्या जवळच फुटलेल्या असतात. त्याच जातीचें झाड थोडें आंत, वाऱ्याच्या आडोशाच्या दाट राईंत पाहिलें तर तें एखाद्या खांबासारखें सरळ वर गेलेलें दिसतें, आणि पहिली फांदी माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर असते. बीज एक, माती जवळजवळ एक, पाऊसहि तोच; मग आकारांत हा भेद कां पडावा?

या प्रश्नाचा विचार प्रथम युरोपांतील वनशास्त्रज्ञांनीं केला. १८९३ सालीं मेट्झगर नांवाच्या जर्मन वनाधिकाऱ्यानें असें प्रतिपादिलें कीं, झाडाचें खोड म्हणजे एका टोकाशीं जमिनींत पक्की बसविलेली तुळई होय. वारा शेंड्यावरील पानांच्या झुबक्यास ढकलतो व तो ताण खालपर्यंत वाढत जातो. म्हणून खोड कोठेंहि इतर ठिकाणांपेक्षां अधिक कमकुवत राहूं नये अशा बेतानें तें खालीं जाड व वर बारीक होतें. या उपपत्तीनें सर्व गोष्टींचा उलगडा होत नाहीं. परंतु वाऱ्याचा हात खोड घडवितो हें मात्र पुढें प्रयोगानें दिसून आलें. १९५४ सालीं ऑस्ट्रेलियांत जेकब्स या वनशास्त्रज्ञानें पाइनचीं कांहीं झाडें तारांनीं ताणून बांधून ठेवलीं व त्यांच्या जोडीस कांहीं मोकळीं राहूं दिलीं. बांधलेल्या झाडांना डोलतां येईना, तेव्हां त्यांच्या खालच्या खोडाची जाडी मोकळ्या झाडांच्या मानानें कमी वाढली. लहान मुलांना वाऱ्यापावसाचा स्पर्शहि होऊं न देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हा प्रयोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

दुसरें कारण पानांचें. खोडावर दरवर्षीं लाकडाचा एक नवा थर चढतो, आणि त्या थराचें अन्न पानें तयार करतात. एकोणिसाव्या शतकांत प्रेसलर यानें असा नियम सांगितला कीं, खोडाच्या कोणत्याहि ठिकाणीं वर्षभरांत किती लाकूड चढावें हें त्या ठिकाणाच्या वर असलेल्या पानांवर अवलंबून असतें. एकट्या झाडास अगदीं खालपर्यंत फांद्या असतात. म्हणून खालीं येतां येतां पानांची भर वाढत जाते, आणि बुंधा फुगतो. दाट राईंतील झाडाच्या खालच्या फांद्या सावलीनें वाळून गळून पडतात. मग पानें केवळ माथ्यावर, आणि त्याखालीं सर्व खोडाला सारखाच वांटा. तेंच लाकूड वरच्या बारीक भागावर चढल्यामुळें तेथील थर जाड दिसतो, व हळूहळू खोड वरपासून खालपर्यंत सारखें होऊं लागतें. तात्पर्य, वारा खोडाला निमुळतें करतो, आणि शेजार त्याला खांबासारखें करतो.

लागवडीच्या वनांत माणसाच्या हातीं जें कांहीं आहे, तें हा शेजारच. आमच्या मुलुखांत सागाचें महत्त्व जुनें आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत, आरमारासाठीं लाकूड तोडतांना काय पथ्य पाळावें याचा स्वतंत्र विचार आहे. आंबा, फणस यांसारखीं रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं झाडें तोडूं नयेत, असा त्यांचा कटाक्ष होता. पुढें इंग्रजी अमदानींत तोड फारच वाढली. १८४७ सालीं दापोडीच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक डॉ. गिब्सन यांस मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमण्यांत आलें. त्यानंतर १८५६ त बोरघाटांतील लोहमार्गाचें काम सुरू होऊन १८६३ त आगगाडी खंडाळ्यावरून धांवूं लागली, आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठीं व इंधनासाठीं लाकडाची मागणी आणखी वाढली. रानांत आपोआप उगवणारा साग पुरा पडेना, म्हणून तो लावणें भाग होतें. मलबारांत कलेक्टर कॉनोली व त्यांचे सहाय्यक चातू मेनन यांनीं १८४० नंतरच्या दशकांत निलंबूर येथें लावलेल्या सागांपैकीं कांहीं अद्याप उभे आहेत.

सागाचीं रोपें बहुधा दोन-दोन मीटरांवर, म्हणजे हेक्टरीं अडीच हजार, लावतात. इतकीं झाडें शेवटपर्यंत ठेवावयाचीं नसतातच. लहानपणीं दाटी असली म्हणजे रोप उजेडासाठीं सरळ वर धांवतें व खालच्या फांद्या झडतात. मग टप्प्याटप्प्यानें विरळणी करून निवडक झाडांना जागा करून द्यावयाची. विरळणी फार लवकर केली तर फांद्या खालीं राहतात, लाकडांत गाठी येतात व खोड निमुळतें होतें. ती लांबणीवर टाकली तर झाडें काठीसारखीं उंच पण किरकोळ होतात. आणि अशा झाडांभोंवतीं एकाएकीं मोकळें केलें तर तीं वाऱ्यानें वांकतात व खोडावर जागोजाग धुमारे फुटतात. शेजार केव्हां ठेवावा आणि केव्हां काढावा, यांतच लागवडीचें सारें मर्म आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. छातीइतक्या उंचीवर १२० सेंटिमीटर घेर आणि १८ मीटर उंची असलेले दोन साग घ्या. खोड वरपर्यंत सारखें गोल असतें तर त्यांत दोन घनमीटरांहून किंचित् अधिक लाकूड भरलें असतें. परंतु खोड बाहेर फुगीर राहून निमुळतें झालें असेल तर त्याच्या निम्में, म्हणजे सुमारें १.०३ घनमीटर, आणि गाजरासारखें सरळ निमुळतें झालें असेल तर एक तृतीयांश, म्हणजे सुमारें ०.६९ घनमीटर. घेर तोच, उंचीहि तीच, आणि एकांत दुसऱ्याच्या दीडपट लाकूड! शिवाय सागाच्या बुडख्याशीं पुष्कळदां खोलगट पन्हळी असतात. फीत त्यांच्यावरून सरळ जाते, आणि नसलेलें लाकूड मापांत धरलें जातें. वखारींत रूढ असलेली आणखी एक पद्धत अशी कीं, ओंडक्याच्या घेराची चौथाई घेऊन तिचा वर्ग करावा व त्यास लांबीनें गुणावें. या रीतीनें शंभर घनफूट लाकडाचे साडेअठ्याहत्तरच भरतात. ही कसर चिराईंत वाया जाणाऱ्या लाकडापोटीं धरतात असें म्हणतात. परंतु भाव कोणत्या मापाचा आहे हें विकणाऱ्यास ठाऊक असलेंच पाहिजे.

म्हणूनच खोडाचा आकार सूत्रांत बसविण्याचा यत्न शास्त्रज्ञ करीत आले. स्वीडनमध्यें हॉयर यानें १९०३ सालीं, जमिनीपासून अमुक उंचीवर खोड किती जाड असेल हें सांगणारें समीकरण मांडलें. १९८८ सालीं कॅनडांतील कोझाक यानें बुडखा, मधला भाग व शेंडा यांचे निरनिराळे आकार एकाच समीकरणांत सामावून घेणारी रीत दिली. आपल्याकडे लागवडीच्या सागाचीं उत्पादन-कोष्टकें १९४० सालीं प्रसिद्ध झालीं. अशा समीकरणांचा उपयोग असा कीं, झाड न तोडतां त्यांतून किती लांबीचे व किती जाडीचे ओंडके निघतील हें सांगतां येतें. मात्र एका ठिकाणच्या झाडांवरून बसविलेलें सूत्र दुसरीकडे तसेंच लावतां येत नाहीं. कड्यावरच्या झाडाचें माप राईंतल्या झाडास लागू कसें पडावें?

हा विषय कोणास कोरडा वाटेल, त्यांनीं १९९० नंतरच्या दशकाचें स्मरण करावें. त्या वेळीं सागाच्या लागवडीच्या नांवाखालीं अनेक कंपन्यांनीं सुशिक्षित मध्यम वर्गापुढें वीस वर्षांतील मोठमोठ्या उत्पन्नाचे आंकडे मांडले. किती कुटुंबांनीं निवृत्तीचा पैसा त्यांत घातला व गमावला! अखेर १९९९ सालीं सेबीनें अशा सामुदायिक गुंतवणुकींसाठीं नियम केले. त्या जाहिरातींत झाडांची संख्या होती. पण विरळणींत किती झाडें जाणार, उरलेल्यांचें खोड कसें होणार, वीस वर्षांच्या सागांत पक्कें लाकूड किती, हे प्रश्न विचारणारे थोडेच निघाले. बुंध्याची एक फीत आणि चार साधे प्रश्न यांनीं कित्येक घरांची पुंजी वांचली असती.

खंडाळ्यास जाल तेव्हां बरोबर शिवणाची फीत न्यावी. कड्यावरच्या एका झाडाचा घेर छातीशीं घ्यावा, आणि मुलाला हात उंच करावयास सांगून तो पोंचेल तेथें पुन्हां घ्यावा. मग तसेंच राईंतल्या झाडाचें माप घ्यावें. दोहोंतील फरक मुलांनींच वजाबाकी करून काढावा. कोणत्या झाडानें वारा सोसला आणि कोणतें शेजारांत वाढलें, हें तो आंकडाच त्यांस सांगेल.