श्रवणाचा छंद

छंद नाना प्रकारचे असतात. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं जपतो. आणि कोणी असाही निघतो कीं, गाणें जसें गायिलें गेलें तसेंच आपल्या खोलींत उमटावें म्हणून तो आयुष्याची मिळकत यंत्रांपायीं खर्च करितो. या शेवटच्या वर्गांतील माणसांस लोक हंसतात. माझे थोरले मामा त्यांपैकींच एक असल्यामुळें तें हंसणें मीं पुष्कळदां ऐकिलें आहे, आणि तें कितपत योग्य आहे याचा विचारही मला करावा लागला आहे.

या छंदामागें मोठ्या परिश्रमांचा इतिहास आहे. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ तयार करून मनुष्याचा आवाज यंत्रांतून पुन्हां ऐकविला. पुढें सपाट तबकड्या आल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. त्यामुळें आपल्या गवयांना तासाभराचा राग तेवढ्या अवधींत आटोपावा लागे. १९४८ सालीं दीर्घ तबकडी निघाली व एका बाजूवर वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. इंग्लंडमध्यें ॲलन ब्लमलीन यांनीं १९३१ सालींच एका खांचेच्या दोन भिंतींवर डावा व उजवा असे दोन ध्वनि कोरण्याची युक्ति मांडली होती. तशा तबकड्या १९५८ सालीं बाजारांत आल्या. गिल्बर्ट ब्रिग्ज या यॉर्कशायरच्या गृहस्थांनीं तर १९५४ सालीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें प्रत्यक्ष वादन व ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकवून श्रोत्यांनाच तुलना करावयास लाविलें. अस्सल आणि नक्कल यांमधील अंतर कमी करावें, हीच या सर्वांची तळमळ होती.

मामांची तळमळही तीच. त्यांच्या खोलींत कांचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, तबकडी फिरविणारें जड यंत्र व माझ्या खांद्याएवढे उंच दोन स्पीकर आहेत असें मी लहानपणापासून पाहत आलों. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई तबकडीवर सुमारें शंभर ग्रॅमांचा भार टाकी. मामांची हिऱ्याची सुई दोन ग्रॅमांहूनही कमी भारानें फिरते. दोन स्पीकर व ऐकणाराची खुर्ची हे समभुज त्रिकोणाचे तीन कोन असावेत, आणि उघड्या भिंतींवरून आवाज उलटूं नये म्हणून पुस्तकांचीं कपाटें व जाड सतरंजी असावी, हें त्यांनींच मला शिकविलें. “पुष्कळसा दोष यंत्रांत नसतो रे, खोलींत असतो,” असें ते म्हणत. त्यांची कसोटी मात्र एकच होती: तंबोरा. हलक्या यंत्रांतून तंबोरा म्हणजे नुसती गुणगुण; चांगल्या यंत्रांतून प्रत्येक तारेची जवारी उलगडत जाते व एका स्वराच्या पोटांतून दुसरे स्वर निघतांना ऐकूं येतात.

दोन वर्षांपूर्वीं एके दिवशीं मामा म्हणाले, “जवारी गेली. सुई झिजली असावी.” नवी सुई आली, तरी फरक पडेना. मग तारा बदलल्या, व्हॉल्व्ह बदलले. शेवटीं त्यांनीं मला खुर्चींत बसविलें आणि विचारिलें, “तुला काय वाटतें?” जवारी मला लख्ख ऐकूं येत होती. काय उत्तर द्यावें, या विचारानें माझा घसा कोरडा पडला. “मामा, आहे ती,” एवढेंच मीं म्हटलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं हलक्या हातानें सुई उचलून ठेविली.

तरुण व निरोगी कानास सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. वय वाढतें तशी ही शक्ति वरच्या टोकाकडून ओसरूं लागते. आंतल्या कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. डॉक्टरांच्या तपासणींत हेंच निघालें. श्रवणयंत्र मुख्यत्वें बोलणें कळावें म्हणून जुळविलेलें असतें, त्यांतून गाणें पुष्कळदां बेसूर वाटतें, हें मामांना ठाऊक होतें. तरीही त्यांनीं आपला आवडता ॲम्प्लिफायर एका तरुण शौकिनास विकिला व त्या पैशांतून श्रवणयंत्र घेतलें. मला आश्चर्य वाटलें. तेव्हां ते म्हणाले, “बाळ, गाणें मला पाठ आहे. पण तुझी मामी उद्यां काय बोलणार आहे, तें पाठ नाहीं.” कित्येक महिने मामीला प्रत्येक गोष्ट दोनदां सांगावी लागत होती, आणि तिनें त्याबद्दल कधीं तक्रार केली नव्हती.

आतां त्या खोलींत साधा ॲम्प्लिफायर आहे. रविवारीं माझे दोन वर्गमित्र येतात, मधली खुर्ची आम्हांला देऊन मामा बाजूस बसतात आणि “जवारी कशी आहे?” म्हणून विचारितात. आम्ही सांगतों, ते मान डोलवितात.

या शौकिनांत गाणें सोडून यंत्रच ऐकणारे कांहीं असतील; त्यांस हंसावयास हरकत नाहीं. परंतु एक स्वर नीट ऐकण्यासाठीं तासन् तास स्तब्ध बसणें, ही संवय हंसण्यासारखी खास नाहीं. ज्यानें ती जोपासली, त्याला पुढें माणसाचें बोलणेंही मोलाचें वाटतें, असें मीं पाहिलें. विद्यार्थी मित्रहो, आपण कानांत बोंडें घालून मोठ्या आवाजांत गाणीं ऐकतों, तेव्हां आपल्या जवळचें सर्वांत किंमती यंत्र कोणतें याचा विसर पडूं देऊं नये. त्याचा सुटा भाग कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.