टाकी, टायगर आणि दिवड

२०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात फॉर्मेलिनचं प्रकरण गाजलं, तेव्हा आमच्या घरात कित्येक दिवस नुस्तें शिजलं नाही. मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातम्या, मग बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवसांची बंदी, मग तपासण्या. मासे नसलेलं जेवण म्हणजे आमच्याकडे सुतकच. त्यानंतर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि बेळगावहून येणारी भाजी अडकली. आठवडाभर तोणाक करायला कडधान्यांखेरीज काही नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपल्या ताटातले मासे कुठले ते माहीत नाही आणि भाजी तर घाटावरचीच. परसातल्या माडाचा नारळ तेवढा आपला.

मी सरकारी खात्यात कारकून. शिक्षण बी.ए., विषय मराठी. विज्ञानाशी शेवटचा संबंध दहावीत आला, तोही प्रेमाचा नव्हता. तरीही फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात २०२३ च्या डिसेंबरात मी ॲक्वापोनिक्स सुरू केलं. म्हणजे टाकीत मासे, वरच्या वाफ्यात भाजी आणि दोघांमध्ये फिरत राहणारं एकच पाणी. माशांच्या घाणीवर भाजी पोसते आणि भाजीने स्वच्छ केलेलं पाणी परत माशांना मिळतं. माती नाही, खत नाही. आईने टाकी बघून विचारलं, "बाजारांत नुस्तें मेळना जालां?" बायकोने काहीच विचारलं नाही, ते जास्त लागलं.

खरं तर ही कल्पना गोमंतकीयाला नवी वाटायचं कारण नाही. खाजन शेतीत आपल्या पूर्वजांनी हेच थोड्या वेगळ्या तऱ्हेने केलं. पावसाळ्यात कोरगूट भात, पुढे त्याच शेतात मानशीतून आलेल्या खाऱ्या पाण्यातली कोळंबी आणि मासे. मी फक्त ते हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीत बसवायला निघालो होतो.

टाकी, चाळीस वॅटचा पंप आणि अर्धे कापलेले दोन पिंप, एवढा संसार. पिंपात मातीऐवजी खडी. मी आधी हुशारी करून पडलेल्या गडग्याचे चिरे फोडून घातले, फुकटचे म्हणून. दोन दिवसांत पाणी ओल्या कौलाच्या रंगाचं झालं आणि पंप गुदमरला. चिरा पाण्यात झिजतो, गाळ सुटतो. मग काळी खडी आणली. तिच्यात चुनखडक नाही ना, हे बघायला व्हिनेगर टाकून फेस येतो का ते पाहायचं असतं. आमच्या घरात व्हिनेगर नव्हतं. शेजारच्या मावशींनी सोर्पोतेलसाठी ठेवलेलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर दिलं आणि मी दगडांवर ते शिंपडताना गडग्यापलीकडून बराच वेळ बघत राहिल्या.

त्यातला घंटा सायफन मात्र मला फार आवडला. वाफ्यातलं पाणी चढत चढत एका नळीच्या टोकाशी आलं की एकदम 'गळ गळ गळ' करत सगळं खाली टाकीत उतरतं. मुळांना हवा मिळते, पुन्हा पाणी चढू लागतं. आमचा टायगर, जातीने शुद्ध गावठी, त्या आवाजावर पहिले चार दिवस सारखा भुंकत होता. मनी नावाची मांजर मात्र पहिल्याच दिवशी टाकीच्या काठावर जाऊन बसली. टाकीत तेव्हा मासे नव्हते. पण तिचा विश्वास दांडगा होता.

मासे लगेच सोडायचे नसतात, हे मला उशिरा पण वेळेवर कळलं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो त्यांना विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, ते भाजीचं अन्न. हे बॅक्टेरिया खडीवर वस्ती करेपर्यंत महिना-दीड महिना थांबावं लागतं. मला हे समजलं ते कचेरीमुळे. फाइल पहिल्या टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि तिसऱ्याने सही केल्याशिवाय कुणाचंच पोट भरत नाही. दुसऱ्या टेबलावर सगळं तुंबतं हेही हुबेहूब. तपासणीच्या नळीतलं पाणी रोज सकाळी बघायचं आणि बसला धावायचं, असे पाच आठवडे गेले.

कुठले मासे, यावर घरात वाद झाला. एक सहकारी तिलापिया फुकट द्यायला तयार होता. भराभर वाढतो, काही खातो, मरत नाही. पण तिलापिया मूळचा आफ्रिकेतला. भारतात १९५२ मध्ये आणला आणि मग ओढ्या-तळ्यांतून पसरला. आमच्या परसाच्या खालून ओहोळ वाहतो. पावसाळ्यात टाकी भरून वाहिली की मासा थेट ओहोळात जाणार. म्हणून आमच्या खाजनवाल्या मित्राकडून चाळीस काळुंदरं आणली, बोटभर लांबीची. केरळवाले ज्याला करीमीन म्हणून डोक्यावर घेतात तेच हे काळुंदर. ते मचूळ पाण्यातलं, पण हळूहळू सवय केली तर गोड्या पाण्यातही राहतं. रोज एक बादली विहिरीचं पाणी वाढवत दहा दिवसांत त्यांचं मीठ सोडवलं. वाढ मात्र अगदी सावकाश. आमच्या बढतीसारखी.

फेब्रुवारीत मासे टाकीत गेले, मार्चमध्ये तांबडी भाजी निघाली. पहिली जुडी आईने देवापुढे ठेवली, मग चिरली. त्या दिवशी बायकोने पहिल्यांदा टाकीजवळ खुर्ची नेऊन चहा घेतला.

मला काळजी होती ती बाहेरच्यांची. सकाळी खंड्या विजेच्या तारेवर येऊन बसायचा. ढोकरी दबकत यायची. माकडांचा कळप आठवड्यातून एकदा हजेरी लावायचा, आणि भेंडीला फूल आलं की दोनदा. मुंगूस होतं, रात्री कांडेचोर होता. कुणीतरी सांगितलं की पाणमांजर एका रात्रीत टाकी रिकामी करतं. आमच्या ओहोळात पाणमांजर मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण झोप उडायला पाहायलाच हवं असं कुठे आहे? दररोज मासे मोजणं सुरू झालं. खरं नुकसान कुठून येणार आहे, याची कल्पनाही नव्हती.

एप्रिलमध्ये टायगरला गोचिडांनी बेजार केलं. दर उन्हाळ्यात करतात तसं औषध आणलं, बादलीत कालवलं आणि रविवारी त्याला परसात उभा करून न्हाऊ घातलं. संध्याकाळी उकाड्याने तहानलेला टायगर ओल्या अंगाने टाकीवर चढला, पुढचे दोन्ही पाय आत सोडले आणि पोटभर पाणी प्यायला. मुलगी हसली. मीही हसलो.

सोमवारी सकाळी काळुंदरं वेडीवाकडी पोहत होती, काही कुशीवर पडून फिरत होती. मी रजा टाकली. विहिरीच्या पाण्याने जेवढी भांडी भरता आली तेवढी भरून मासे हलवले. संध्याकाळपर्यंत तेवीस मेली. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून तेव्हा वाचलं. डेल्टामेथ्रिन. कुत्र्याला सांगितल्याप्रमाणे लावलं तर चालतं, माशाला त्याचा अंशही पुरतो. याच कुळातलं परमेथ्रिन मांजरांना घातक. मनी त्या ओल्या टायगरला चिकटून झोपते हे आठवून अंगावर काटा आला. तिला काही झालं नाही, ते तिचं नशीब.

मेलेली काळुंदरं माडाखाली पुरताना मुलीने सहज विचारलं, "बाबा, उरलेलं औषधाचं पाणी कुठे ओतलं?"

बादली मी ओहोळाकडच्या चरात ओतली होती. या वर्षीच नव्हे, दर वर्षी. टायगरच्या आधीचा राजा होता तेव्हापासून. लहानपणी त्या ओहोळात आम्ही पंचाने मासे धरायचो, दगड उलटला की खेकडा हमखास असायचा. अलीकडे तिथे काही दिसत नाही, असं मी चारचौघांत हळहळून सांगत असे आणि खाणी, नवी बांधकामं, कचरा अशी कारणं देत असे. ती कारणं खोटी नाहीत. पण टाकीतले मासे माझ्या डोळ्यांदेखत मेले म्हणून मला कळलं. ओहोळातले कुणी मोजत नव्हतं.

टाकी रिकामी केली, खडी धुतली, म्हणजे फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. सतरा काळुंदरं जुन्या हंड्यात आणि पिंपात दिवस काढत होती. आता टायगरचं न्हाणं परसाच्या दुसऱ्या टोकाला, ओहोळापासून आणि टाकीपासून लांब, आणि डॉक्टरांना विचारून गोळी. भाजीवर फवारा तर नाहीच. कीड पडली तर हाताने वेचतो.

एवढं झाल्यावरही शहाणपण पुरतं आलं नव्हतं. मे महिन्यात मासे पुन्हा टाकीत गेले आणि सतरा मासे म्हटल्यावर जीव जास्तच टांगणीला लागला. मी मासेमारीच्या नायलॉन जाळ्याचा एक तुकडा आणून टाकीवर सैलसर टाकला, कडा विटांनी दाबल्या. खंड्या बंद, ढोकरी बंद, मनी नाराज. मी खूश.

जूनमध्ये पाऊस लागला. एका रात्री दोनच्या सुमारास टायगर भुंकू लागला. त्याचं माकडांवरचं भुंकणं वेगळं, सायफनवरचं वेगळं. हे तिसरंच होतं. बॅटरी घेऊन गेलो तर टाकीच्या कडेला जाळ्यात साप. मान चपटी करून उभा. गडग्यापलीकडून शेजारी दांडा घेऊन आला आणि ओरडला, "नाग! फुडें वचूं नाका!"

नाग नव्हता. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन होते. दिवड, पाण्यातली, बिनविषारी. ती भ्याली की मान चपटी करते आणि त्या सोंगापायी नाग म्हणून मार खाते. बेडूक किंवा मासे बघून आली असणार. डोकं एका घरातून शिरलं, अंग पुढे जाईना, आणि मागे यायचं तर खवले उलटे अडकतात. जितकी पिळत होती तितका दोरा आत रुतत होता. दोन ठिकाणी कातडी फाटून मांस दिसत होतं.

शेजारी म्हणाला, आता कुठे वाचते, एक फटका घाल, सुटेल बिचारी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे वगैरे मी बोललो, पण माझाही पाय पुढे जात नव्हता. दरवाजातून आई म्हणाली, "जाळें तुवें घातलां, सोडय तूंच."

गावातल्या सर्पमित्राला उठवला. पोरगा पावसात स्कूटरवरून आला. त्याने डोकं धरलं, मुलीने बॅटरी धरली आणि बायकोची शिवणकामाची बारीक कात्री माझ्या हातात आली. एकेक दोरा उचलून कापायचा होता. मोजले नाहीत, पण तीस-चाळीस तरी असतील. हात थरथरत होते. एकदा ती सर्पमित्राच्या मनगटाला चावली, त्याने फक्त "आवय गे" म्हटलं. पाऊण तास लागला. तो म्हणाला, पावसाळ्यात त्याच्याकडे येणारे किती तरी साप असेच असतात, बागेवरच्या जाळ्यांत अडकलेले. काही उन्हात वाळून गेल्यावरच सापडतात. जखमी म्हणून दिवड त्याने सोबत नेली. चार दिवसांनी आणून आमच्याच ओहोळाच्या वरच्या अंगाला सोडली. ती गेली, वळूनही न बघता. बघायचं कारणही नव्हतं.

जाळं मी कापून कचऱ्यात दिलं. आता टाकीवर लोखंडी चौकटीत ताठ वेल्ड केलेली बारीक जाळी आहे. तिच्यात कुणाचं डोकं शिरत नाही, पाय गुंतत नाही. पाणी भरून वाहतं त्या नळीच्या तोंडालाही तीच जाळी. वीज गेली तर हवेचा छोटा पंप बॅटरीवर चालतो.

आजोबांच्या काळातली दगडी दोण गोठ्यामागे पालथी पडली होती. ती धुऊन पेरूखाली ठेवली, रोज विहिरीचं ताजं पाणी भरतो. गोठा गेला तेव्हापासून ती रिकामीच होती. टायगर तिथेच पितो. मुंगूसही येतं, दुपारी साळुंक्या न्हातात. डास होऊ नयेत म्हणून पाणी रोज ओतून पुन्हा भरावं लागतं, ते काम आईने स्वतःकडे घेतलं आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात पाणी आंबट होऊ लागलं. आमच्या जांभ्या जमिनीतलं विहिरीचं पाणी मुळातच थोडं आम्लाकडे झुकलेलं, त्यात बॅक्टेरियांच्या कामाने आणखी आम्लता वाढते. फार वाढली तर ते काम थांबवतात. उपाय आईच्या परातीत सापडला. रविवारी तिसऱ्या झाल्या की त्यांची टरफलं उकळून, धुऊन एका पोत्यात बांधून टाकीत टांगतो. ती हळूहळू विरघळतात, आम्लता उतरते. घरात तिसऱ्यांचं प्रमाण वाढलं आहे, पण ते शास्त्रासाठी आहे असं मी सांगतो.

सतरांपैकी पंधरा काळुंदरं आज तळव्याएवढी झाली आहेत. तळायला आणली होती, पण मुलीने त्यांना नावं ठेवली आणि विषय संपला. नुस्तें बाजारातूनच येतं. तांबडी भाजी आणि आळू मात्र विकत घेतलेलं नाही. सात शिरांच्या भेंडीचं बी मोठ्या हौसेने लावलं होतं. आज सकाळी मोजली तर अकरा भेंड्या काढण्याजोग्या होत्या. चहा घेऊन परत येईपर्यंत दोन उरल्या होत्या, आणि गडग्यावर बसून एक माकडीण पिल्लाला कोवळी भेंडी मोडून खाऊ घालत होती. टायगर दोणीपाशी उभा राहून बघत होता. भुंकला नाही. मनी जाळीवर पोट टेकून पसरली होती, खाली पंधरा मासे फिरत होते. माझी नऊची बस चुकली.